भात्यावरची माशी

"लोहारकाम शिकायला पार नॉर्वेत जायला लागतं होय गं?" बाबा फोनवर म्हणाले आणि मला काय बोलावं सुचेना, कारण प्रश्न बरोबर होता. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात वेशीजवळ लिंबाखाली लोहारआबांचं दुकान होतं, घरापासून चालत तीन मिनिटं, आणि तिथं मी आयुष्यात एकदाही हातोडा हातात धरला नाही, धरू दिलाही नसता कुणी. आणि आता ऑस्लोत नोकरी करताना सुट्टीचे पाच दिवस आणि खिशाला चांगलीच कात्री लावून मी सेतेस्दाल नावाच्या खोऱ्यात चाललेले, सुरी घडवायला आणि एक वाद्य बनवायला. वाद्याचं बाबांना सांगितलंच नाही, म्हटलं एका वेळी एकच धक्का.

वेड जुनंच आहे. पुण्यात कॉलेजला असताना हॉस्टेलवर मैत्रिणीच्या लॅपटॉपवर व्हायकिंग मेटल ऐकलं, म्हणजे गिटारची भिंत आणि मागे वीस घोगरी माणसं एकदम ओरडतायत असा कोरस, शब्द एक कळायचा नाही पण ओडिन, थोर, लोकी एवढी तिकडच्या जुन्या देवांची नावं कानाला कळायची. मग एफसी रोडवर थोरच्या हातोड्याचं लॉकेट मिळालं ते गळ्यात आलं. सुट्टीत घरी गेले तर आईनं दोन प्रश्न विचारले, एक म्हणजे हा हातोडा उलटा का टांगलाय, आणि दुसरा, ह्याचा दांडा एवढासा का, ह्यानं खिळा तरी ठोकता येईल का. मला दोन्हीची उत्तरं माहीत नव्हती. लॉकेट मात्र घालून फिरायचे.

नोकरीसाठी ऑस्लोला आले तेव्हा पहिल्या नोव्हेंबरात, दुपारी चारला अंधार आणि बाहेर पाऊस, अशा एका रविवारी करायला काही नव्हतं म्हणून हिस्टॉरिकल म्युझियममध्ये घुसले. तिथं हायलेस्टाडच्या चर्चच्या दाराच्या फळ्या आहेत. हे चर्च म्हणजे उभ्या लाकडी खांबांचं, सेतेस्दाल खोऱ्यातलं, साधारण १२०० च्या आसपासचं कोरीव काम, चर्च सतराव्या शतकात पाडलं पण दाराच्या ह्या फळ्या राहिल्या. आणि चर्चच्या दारावर येशू नाही, तर सिगुर्ड नावाच्या जुन्या दंतकथेतल्या वीराची गोष्ट आहे, चित्रकथेसारखी, गोल गोल वेलींच्या चौकटीत एकेक प्रसंग, खालून वर बघत जायचं. मला ही गोष्ट गाण्यांमधून माहीत होती, म्हणजे तलवार, ड्रॅगन, रक्त, संपलं. फळीवर बघते तर पहिलाच प्रसंग लोहारशाळेचा. रेगिन नावाचा लोहार ऐरणीवर काम करतोय, सांडशीत धरलेलं पातं, वर उचललेला हातोडा, आणि त्याच्यासोबत एक जण दोन हातांनी दोन भाते मारतोय. त्यानंतर तलवार तपासताना मोडलेली. मग कुठं फाफनिर ड्रॅगनच्या पोटात तलवार. म्हणजे कोरणाऱ्यानं ड्रॅगनला जेवढी जागा दिली तेवढीच त्या भातेवाल्याला दिलीय. मी तिथं बराच वेळ उभी होते. दुसऱ्या फळीवर सगळ्यात शेवटी सिगुर्डचा मेहुणा गुन्नर सापांच्या खड्ड्यात टाकलेला, हात बांधलेले, म्हणून तो पायाच्या बोटांनी हार्प वाजवतोय, साप झोपावेत म्हणून. एकाच दारावर लोहारकाम आणि संगीत आणि मध्ये सगळी भानगड. मला वाटलं हे दार माझ्यासाठीच राखून ठेवलं असणार.

मग वाचायला लागले. स्नोरी स्टुर्लुसन म्हणून आइसलँडचा माणूस, मोठा राजकारणी आणि कवी, त्यानं १२२० च्या सुमारास एड्डा, म्हणजे ह्या देवांच्या गोष्टींचं पुस्तक, लिहिली, आणि शेवटी १२४१ मध्ये स्वतःच्याच घराच्या तळघरात मारला गेला. त्याच्या पुस्तकात आईच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. लोकीनं ब्रोक नावाच्या बुटक्याशी स्वतःच्या डोक्याची पैज लावली की तुझा भाऊ सिंद्री काही तीन भारी वस्तू घडवू शकणार नाही. सिंद्री लोहार, ब्रोक भात्यावर. सिंद्रीनं सांगितलं, मी येईपर्यंत भाता थांबवायचा नाही. पहिल्यांदा भट्टीत डुकराचं कातडं टाकलं, एक माशी येऊन ब्रोकच्या हाताला चावली, त्यानं थांबवलं नाही, सोन्याच्या केसांचा रानडुक्कर निघाला. मग सोनं टाकलं, माशी मानेला चावली, आधीपेक्षा दुप्पट जोरात, तरी थांबला नाही, तर अंगठी निघाली, जिच्यातून दर नवव्या रात्री आठ तशाच अंगठ्या गळतात. तिसऱ्यांदा लोखंड. माशी बसली डोळ्यांच्या मध्ये आणि पापण्यांना चावली, रक्त डोळ्यात आलं, दिसेना, तेव्हा ब्रोकनं पटकन एक हात सोडून माशी उडवली, तेवढ्यात भाता बसला. निघाला थोरचा हातोडा, सगळं ठीक, फक्त दांडा आखूड. माशी म्हणजे अर्थात लोकी. आईला फोन करून सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे भात्यावरच्या माणसाची चूक म्हणायची." बिचारा ब्रोक!

पैज लोकी हरलाच, पण म्हणाला डोकं घ्या, मान माझी आहे, मानेला हात लावायचा नाही. मग ब्रोकनं त्याचे ओठच शिवून टाकले. आणि ह्याच्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की १९५० मध्ये डेन्मार्कला स्नाप्टुनच्या किनाऱ्यावर एक दगड सापडला, साधारण इसवी सन १००० चा, मऊ सोपस्टोनचा, त्यावर मिशा वळवलेला चेहरा आणि ओठांवर टाक्यांच्या खुणा. हा दगड भट्टीच्या तोंडाशी लावायचे, खालच्या भोकातून भात्याची नळी आत, म्हणजे आगीची झळ भात्याला लागत नाही. ज्यानं भातेवाल्याला छळलं त्यालाच कायमचा भात्यापुढं उभा केलाय, घे आता झळ. आता तो आरहूसजवळच्या मोसगोर म्युझियममध्ये आहे, मी खास बघून आले.

तर कोर्स. ऑस्लोपासून गाडीनं साधारण पाच तास, शेवटचा सगळा रस्ता ओत्रा नदीच्या कडेकडेनं, दोन्ही बाजूला सरळ उभे कडे. एका जुन्या शेतघराच्या मागे फळ्यांचं छप्पर, खाली जमिनीवरच कोळशाची भट्टी, पुढं सोपस्टोनचा दगड (चेहरा नव्हता, मी लगेच बघितलं), मागे बकरीच्या कातड्याचे दोन भाते. आम्ही सहा जण. शिकवणारे साठीच्या पुढचे, त्यांना मी मनातल्या मनात गुरुजी म्हणायचे, तोंडानं नावानं हाक मारायचे कारण नॉर्वेजियनमध्ये अहो-जाहो भानगड आता उरलेलीच नाही, सगळे एकमेकांना तू. ह्याची सवय मला अजून झालेली नाही, साठीच्या माणसाला अरे म्हणताना जीभ अडखळते.

त्यांनी बाकावर हत्यारं मांडली होती ती मेस्टरमीरच्या पेटीतल्या हत्यारांवरून बनवलेली. ही पेटी स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९३६ मध्ये शेत नांगरताना सापडली, ओकची, आत दोनशेच्या वर वस्तू, हातोडे, सांडशा, कानशी, करवती, कुणा तरी हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचा सगळा संसार, सध्या स्टॉकहोमच्या म्युझियममध्ये. मी त्यातली एक सांडशी उचलली आणि मला हसूच आलं, लोहारआबांची सांडशी ती हीच. म्हणजे तापलेलं लोखंड पकडायला माणसाला दुसरा आकार सुचायचं कारणच नाही, पण तरी.

गुरुजींनी विचारलं आधी कुणी हे काम जवळून बघितलंय का. सगळ्यांनी यूट्यूब सांगितलं. मी सांगितलं, हो, बायकांना करताना बघितलंय. ते जरा थांबले. मग मी सांगितलं की पावसाळ्याच्या आधी आमच्या गावाबाहेर घिसाडी लोक गाडा घेऊन यायचे, रस्त्याकडेला पाल टाकायचे, आणि आजी खुरपी, विळे, कुऱ्हाड शेवटून, म्हणजे धार लावून, आणायला मला बरोबर न्यायची. पुरुष बसून सांडशीत लोखंड धरायचा, लहान हातोड्यानं कुठं मारायचं ते दाखवायचा, आणि बाई उभी राहून घण मारायची, नऊवारीचा काष्टा घालून, पाठीला बाळ, कसं सांगू, तो घण वरून खाली येताना तिच्या अंगाला तो जड आहे हे कळायचंच नाही. आणि माझ्याच वयाची एक मुलगी पंखा फिरवायची, चाकाचा, भात्याच्या जागी. मी आजीचा पदर धरून उभी, ती पंखा फिरवतेय, दोघी एकमेकींकडं बघतोय. हे नॉर्वेजियनमध्ये सांगताना पदर शब्दाला काय म्हणायचं ते सुचलं नाही, शेवटी स्कार्फ म्हटलं.

"मग तू घण मार," गुरुजी म्हणाले.

मारला. पहिला घाव ऐरणीच्या कडेवर, दुसरा ऐरणीवर मधोमध पण लोखंड तिथं नव्हतं. पेपरात रोज वाचतो ना अमुक प्रश्न ऐरणीवर आला, तमुक प्रश्न ऐरणीवर आला, ते लिहिणाऱ्यांनी एकदा ऐरणीवर काही आणून बघावं, ते तिथं थांबत नाही, निसटतं. तिसरा बसला. चौथ्यानंतर खांदा बोलायला लागला. बाळ पाठीला नव्हतं तरी.

पहिल्या दिवशी सुरीच्या पात्याचं ठोकाठोकीचं काम, साधं कार्बन स्टील, पाऊण टक्क्याच्या आसपास कार्बन. सगळा खेळ रंगाचा आहे म्हणून भट्टी अर्ध्या अंधारात असते हे मला तिथं कळलं, मला आयुष्यभर वाटायचं लोहारांना अंधार आवडतो. उन्हात लोखंडाचा रंग दिसत नाही. गर्द लाल झालं तर अजून थांब, केशरी झालं की काढ आणि ठोक, परत लाल झालं की ठोकणं बंद, कारण थंड स्टीलवर मारत राहिलात तर ते आतून फाटतं. आणि पिवळ्याच्या पुढं जाऊ द्यायचं नाही. मी शेजारच्याशी गप्पा मारत बसले, माझं टोक गेलं पांढऱ्याकडं, बाहेर काढलं तर फुलबाजी! खरंच, दिवाळीच्या फुलबाजीसारख्या ठिणग्या तड तड. दिसायला फार सुंदर, आणि त्याचा अर्थ एवढाच की स्टील जळतंय. ते टोक छाटून टाकायला लागलं आणि माझी सुरी दोन बोटं आखूड झाली. दांडा नाही, पातं. मी लगेच इकडं तिकडं माशी बघितली, पण ही माझीच करणी होती.

माशी आली दुसऱ्या दिवशी.

नियम असा होता की जेवढा वेळ ऐरणीवर, तेवढाच वेळ दुसऱ्यासाठी भात्यावर. मला हा नियम फार पटला, आणि खरं सांगायचं तर मला भात्यावरच जास्त मजा आली. दोन कातडी पिशव्या, डावी उचलायची तेव्हा उजवी दाबायची, उजवी उचलायची तेव्हा डावी दाबायची, वारा सलग गेला पाहिजे, खंड नको. जोरात मारलं की कोळसा भराभरा जळतो आणि जास्तीच्या हवेनं लोखंडावर पापुद्रे सुटतात, हळू मारलं की आग मरते. आणि चुकून दोन्ही एकदम वर उचलल्या की नळीतून आगीची धग उलटी आत ओढली जाते आणि कातडं जळतं. दहा मिनिटांत हाताला लय सापडते, मग डोकं रिकामं होतं, आजीनं जात्यावर बसल्यावर तिचं काय व्हायचं ते मला तिथं समजलं असं वाटलं. भात्यावरून आग दिसते, लोहाराची पाठ दिसते, आणि भट्टीत काय चाललंय ते भात्यावरच्याला लोहाराच्या आधी कळतं, आवाजावरून.

माझ्या वाट्याला एक निवृत्त शिक्षक आले होते, अतिशय मितभाषी, म्हणजे नॉर्वेजियन लोकांतसुद्धा मितभाषी. ते जुन्या पद्धतीचं पातं करत होते, मधे कडक स्टीलची पट्टी आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंड, तिन्ही एकत्र जोडायचे. जोडायचे म्हणजे वेल्डिंग मशिन नाही, आगीतच, जवळजवळ पांढरं होईपर्यंत तापवायचं आणि ठोकून एकजीव करायचं. मध्ये मळी राहू नये म्हणून टाकणखार टाकतात, जुने लोक वाळू टाकायचे. ह्यात वेळ फार थोडा असतो, आग बरोबर त्या क्षणाला बरोबर तेवढी पाहिजे. गुरुजींनी मला बजावून ठेवलं, मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही. मला हसू आलं, कारण हे वाक्य कुठलं ते मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं.

आता जुलैत नॉर्वेच्या खोऱ्यांत क्लेग नावाची एक माशी असते, आपल्याकडं गुरांना चावते तिच्या जातीची, राखाडी, आवाज न करता येते आणि कातडीचा तुकडाच तोडते. ती माझ्या मानेवर बसली. मला ती बसल्याचं कळलं, मी मान वळवली, खांद्यानं घासायला बघितलं, भाता चालू, टाकणखार वितळून काचेसारखा चमकायला लागला होता, शिक्षक सांडशी घेऊन तयार, ती सरकत सरकत कानामागं गेली, आणि चावली. आई गं! हात कधी सुटला मला कळलं नाही. एक थप्पड मानेवर. उजवा भाता खाली बसला, मी घाबरून डावा दाबला, मग दोन्ही उचलले, नळीतून भस्स करून उलटी फुंकर आली. एवढंच, दोन सेकंद. गुरुजी "आता" म्हणाले, शिक्षकांनी काढलं, ठोकलं, एक बाजू बसली, दुसरी बाजू टोकाकडं उघडी राहिली, पुस्तकाचं पान सुटतं तशी.

सगळे गप्प. मी हातात मेलेली माशी घेऊन उभी, पुरावा म्हणून. शिक्षकांनी पात्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माशीकडं बघितलं, आणि अख्ख्या दिवसातला पहिला शब्द बोलले: "लोकी."

मला वाटलं होतं पुराणातल्या गोष्टी म्हणजे कुणी तरी शेकोटीशी बसून कल्पना केल्या. ही गोष्ट ज्यानं पहिल्यांदा सांगितली तो भात्यावर बसलेला माणूस होता ह्याबद्दल मला आता अजिबात शंका नाही. मोठ्या वस्तू कुणाच्या नावावर जातात ते सगळ्यांना माहीत असतं, हातोडा थोरचा, घडवला सिंद्रीनं, आणि दांडा आखूड झाला की मग आठवण येते, भात्यावर कोण होतं रे? त्या माणसाला आपली बाजू मांडायची असणार. की बाबांनो, मी दोनदा सहन केलं, हाताला चावली, मानेला चावली, हललो नाही, तिसऱ्यांदा डोळ्यात रक्त आलं. मी तर मानेलाच हरले, म्हणजे ब्रोकपेक्षा एक पायरी खालीच.

शिक्षकांनी पातं परत तापवून परत जोडलं, दुसऱ्यांदा बसलं. मीच भात्यावर होते, ह्या वेळी ओढणी गळ्याभोवती गुंडाळून.

तिसऱ्या दिवशी पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलं पातं एकदम बुडवून कडक करायचं. आपल्याकडं पाणी देणं म्हणतात पण इथं तेल होतं, रेपसीडचं, घरात तळायला असतं तेच, ५०-६० अंशाला कोमट केलेलं. आधी पातं तीन वेळा तापवून हवेत सावकाश गार होऊ द्यायचं, ठोकून ठोकून स्टीलच्या आत जो ताण आलेला असतो तो जातो आणि दाणा बारीक होतो. मी दोनदा केलं. तिसऱ्यांदाचा कंटाळा केला, पोटात कावळे ओरडत होते. मग तापवायचं, लोहचुंबक चिकटायचं बंद होतं ते साधारण ७७० अंशाला, त्याच्या थोडंसं वर, आणि सरळ तेलात. माझं थोडंसं म्हणजे जरा जास्तच झालं. तेलात घातलं, भस्सकन ज्वाळ, सगळीकडं भज्यांचा वास, बाहेर काढलं तर पातं केळ्यासारखं वाकलेलं. गरम आहे तोवर काही सेकंद ते सरळ करता येतं, ती वेळ मी फोटो काढण्यात घालवली. मग गार झाल्यावर दोन लाकडांत धरून हळूच दाबलं.

कट्.

दोन तुकडे. गुरुजींनी तुकडा उजेडात धरला आणि मला मोडलेली कड दाखवली. तिथं चमचमते दाणे दिसत होते, साखरेच्या पोत्यात हात घातल्यावर दिसतात तसे. "साखर," ते म्हणाले. मग आपल्या खणातून स्वतःचा एक जुना मोडका तुकडा काढला आणि शेजारी धरला, त्याची कड राखाडी, मऊ, मखमलीसारखी, दाणा दिसतच नव्हता. जास्त तापवलं की दाणे मोठे होतात आणि मोठ्या दाण्याचं स्टील बिस्किटासारखं मोडतं. समजावून झाल्यावर म्हणाले, सिगुर्डच्या दोन मोडल्या होत्या, तुझी एकच मोडलीय. हे खरं आहे, रेगिननं दिलेल्या दोन तलवारी सिगुर्डनं ऐरणीवर आपटून मोडल्या, तिसरी बापाच्या मोडक्या तलवारीच्या तुकड्यांतून घडवली, तिनं ऐरणच चिरली. फरक एवढाच की त्यानं मुद्दाम मोडल्या.

दुसरं पातं संध्याकाळपर्यंत झालं. घाईचं, साधं, पण तिन्ही वेळा गार केलेलं आणि सरळ. नंतर ओव्हनमध्ये २०० अंशाला तासभर, दोनदा, म्हणजे कडकपणातला ठिसूळपणा जातो, तेव्हा घासलेल्या पात्यावर रंग चढतो तो वाळल्या कडब्याचा. बर्चची मूठ बसवली. ती आता माझ्या स्वयंपाकघरात ड्रॉवरमध्ये आहे, बाहेर घेऊन फिरायला इथं कारणाशिवाय बंदी आहे, आणि कारण काय सांगणार, कौतुक?

रात्री अकरापर्यंत उजेड असायचा, सगळे बाहेर बाकावर. शेजारच्या शेतावरच्या एक आजी यायच्या आणि स्तेव म्हणायच्या. स्तेव म्हणजे चार ओळींचं छोटं गाणं, एकानं एक म्हणायचं, दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं, मग पहिल्यानं अजून वरचढ, असं चालतं, टोमणे, लग्नाच्या गोष्टी, मेलेल्यांच्या गोष्टी. सेतेस्दालच्या ह्या गाण्या-वाजवण्या-नाचण्याला २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत घेतलंय, आजींना त्याचं विशेष काही वाटत नव्हतं. त्यांनी मला खूण केली, आता तू. मी आजीची जात्यावरची एक ओवी म्हटली, भाऊ माहेरी न्यायला येतो ती. कुणाला शब्द कळला नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच उत्तर दिलं, ते मला अर्धंच कळलं, सेतेस्दालची बोली ऑस्लोच्या भाषेवर शिकलेल्याला फार अवघड जाते. त्यात भाऊ होता एवढं नक्की.

शेवटचे दोन दिवस मुन्हार्पे. आपल्याकडं राजस्थानात मोरचंग म्हणतात, दक्षिणेत मोरसिंग, तेच, तोंडात धरून बोटानं पट्टी छेडायची. सेतेस्दालचे लोहार हे पिढ्यान् पिढ्या करत आलेत. मला वाटलं सुरी झाली म्हणजे हे तर खेळणं. अजिबात नाही. लोखंडाची बारीक चौकोनी सळी, दोन्ही टोकं निमुळती, मधून वाकवून गोल आणि पुढं दोन समांतर दांड्या. त्यांच्या मधोमध स्प्रिंग स्टीलची जीभ, मागं खाचेत ठोकून घट्ट बसवलेली. खरी गंमत जीभ आणि दांड्यांच्या मधल्या फटीत, ती दोन्ही बाजूंना सारखी आणि जेमतेम कागद जाईल एवढी पाहिजे. फट मोठी झाली की आवाजच नाही. लागली की खर्र. पूर्ण एक दिवस मी कानशीनं घासत होते, उजेडात धरायचं, बघायचं, दोनदा घासायचं, परत धरायचं. जी चूक सुरीत हातोड्यानं सुधारता येते ती इथं होत नाही, घासलेलं लोखंड परत येत नाही.

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा टक् असा आवाज आला, डबा आपटल्यासारखा, आणि जीभ माझ्याच पुढच्या दातावर. ते मेंदूपर्यंत गेलं. दात थोडे उघडे ठेवून दांड्या त्यांना टेकवायच्या, ओठांनी सैल धरायचं, आणि मग श्वास. पट्टीचा सूर एकच असतो, तानपुऱ्याची एकच तार असावी तसा, बाकीचे सगळे सूर आपण तोंडाच्या पोकळीतून काढायचे, आपली जीभ मागं घेतली की खालचे, पुढं आणली की वरचे. म्हणजे मुन्हार्पेचं अर्धं वाद्य लोखंडाचं आणि अर्धं माझं डोकं. दुसऱ्या दिवशी दुपारी, एका बाजूला अगदी केसभर घासल्यावर, ते एकदम वाजलं. झ्झ्ंव. खोलीत नाही, कवटीत वाजतं ते. मी तिथंच पंधरा मिनिटं एकच सूर वाजवत बसले, मग शिक्षकांनी अतिशय सभ्यपणे मला बाहेर जाऊन वाजवायला सांगितलं. दुसरा शब्द.

ऑस्लोला परत आल्यावर घरी व्हिडिओ कॉल केला. आधी सुरी दाखवली. बाबांनी कॅमेऱ्याजवळ धरायला लावली, धार कशी आहे म्हणाले, कागद कापून दाखवला, "मूठ जरा जाड झालीय" एवढंच बोलले पण दोनदा बघितली. मग म्हणाले की लोहारआबांच्या दुकानाच्या जागी आता ग्रिल-शटरवाल्याचं दुकान आहे, भाता कुठं गेला कुणाला माहीत नाही, ऐरण मात्र लिंबाखाली अजून जमिनीत रुतलेली आहे, लोक तिच्यावर बसून एसटीची वाट बघतात. मी म्हटलं फोटो पाठवा. मग म्हटलं, थांबा, अजून एक आहे, आणि मुन्हार्पे तोंडाला लावून माझा तो एकुलता एक सूर लावला, वरचे दोन-तीन सूरही निघाले, मला बरे वाटले.

तिकडून काही प्रतिक्रिया नाही. बाबा भुवया आवळून फोन कानाजवळ नेतायत, परत लांब धरतायत. मागून आईचा आवाज आला, "अहो, नीट ऐकू येत नाही, फोनवर माशी घोंघावतीय बघा कुठंतरी, हाकला की तिला."